आश्रयदात्याचा धर्म

केडगावचे मुक्तिसदन ही पंडिता रमाबाईंनी १८९६–९७च्या दुष्काळातून वाचवलेल्या मुलींसाठी उभी केलेली वसाहत. दौंड तालुक्यातल्या या गावी लोहमार्गाजवळ शंभर एकरांच्या आसपास जमीन त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. तिथे फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर विधवांसाठी काढलेले पुण्याचे शारदासदन चालवावे, असा मूळ बेत होता. दुष्काळाने तो मोडला. मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी शेकडो मुली आणि तरुण विधवा आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, इतक्या जणींना एका जागी ठेवायला परवानगी मिळेना. म्हणून केडगावच्या माळावर आधी कामचलाऊ छपरे आणि मग पक्क्या इमारती उभ्या राहिल्या. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शाळा होती, बालवर्ग होता, दवाखाना होता. विहिरी, शेती, गोठा, तेलाचा घाणा, हातमाग, शिवणकाम आणि बायकांनीच चालवलेला छापखाना होता. फसवल्या गेलेल्या आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, म्हाताऱ्या व अपंग स्त्रियांसाठी प्रीतिसदन, आंधळ्या मुलींसाठी बार्तिमी सदन अशी वेगवेगळी घरे होती. या सगळ्याच्या मध्यभागी प्रार्थनामंदिर होते.

त्या मंदिरामुळे एक प्रश्न उभा राहतो. माणसाचे अन्न, वस्त्र, निवारा, औषध आणि शिक्षण अशा सगळ्याच गोष्टी ज्याच्या हातात आहेत, त्याच्या छपराखाली धरलेली श्रद्धा कितपत स्वतःची म्हणायची? प्रश्न अन्नछत्रांइतका जुना आहे. पण धर्मशाळेत एक रात्र काढून वाटेला लागणाऱ्या वारकऱ्याच्या बाबतीत तो फारसा टोचत नाही. जिथे माणूस वर्षानुवर्षे राहतो, जिथून निघून जायला दुसरे ठिकाण नसते, तिथे तो टाळता येत नाही.

सगळ्या सोयी एकाच ठिकाणी करण्यामागे मूळ हेतू शुद्ध व्यवहाराचा होता. एकोणिसाव्या शतकातली निराधार विधवा केवळ घराला मुकलेली नसे. तिला अक्षरओळख नसे, पैसा नसे, हातात विकता येईल असे कसब नसे, आणि तिच्या बाजूने बोलणारा पुरुष नसे. यांपैकी एकच उणीव भरून काढली तर बाकीच्या तिला पुन्हा तिथेच ओढून नेत. नुसता निवारा दिला तर ती कायमची आश्रित होई. नुसती शाळा काढली तर शाळेत येण्याइतके स्वातंत्र्यच तिला नसे. रमाबाईंना हे पुस्तकातून कळलेले नव्हते. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण अशी माणसे गमावून त्या भाऊ श्रीनिवासासोबत देशभर पायी भटकल्या होत्या. पुढे इंग्लंडमध्ये फुलहम येथे अँग्लिकन भगिनींनी चालवलेले, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांचे आश्रयगृह त्यांनी पाहिले. आपल्या ख्रिस्ती होण्याच्या कारणांत त्यांनी या भेटीला मोठे स्थान दिले आहे. ज्या स्त्रियांना धर्मशास्त्राने आणि समाजाने दार बंद केले त्यांना कुणीतरी आत घेते, हे दृश्य त्यांच्या दृष्टीने त्या धर्माचा पुरावाच होते. म्हणजे आश्रय आणि श्रद्धा यांची सांगड रमाबाईंच्या स्वतःच्या आयुष्यातच आधी बसली होती. मुक्तिसदनात ती दिसावी यात नवल नाही.

पण हा प्रश्न पहिल्यांदा पेटला तो केडगावी नव्हे, पुण्यात. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदासदन पुढच्या वर्षी पुण्याला आले. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने त्याला दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले होते आणि संस्था कुठल्याही पंथाची नसावी असे ठरले होते. मुलींनी आपापले आचार पाळावेत, सोवळे-ओवळे सांभाळावे, धर्मशिक्षण देऊ नये. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. रमाबाई मात्र सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ साली रानडे आणि भांडारकर मंडळातून बाहेर पडले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

उघड्या दाराचा हा वाद वरवर क्षुल्लक वाटतो; तत्त्वाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. रमाबाईंची बाजू अशी की, धर्म शिकवणार नाही हे वचन त्यांनी दिले होते, स्वतःचा धर्म लपवण्याचे नव्हे. मुलींना ज्या स्वातंत्र्याचे आश्वासन दिले त्यात प्रार्थनेला येऊन बसण्याचे स्वातंत्र्यही आलेच. हिंदू मुलीला ख्रिस्ती प्रार्थनेपासून हटकून दूर ठेवणे ही देखील बळजबरीच. विरोधकांची बाजूही पोकळ नव्हती. सतराअठरा वर्षांची विधवा, जिला घरच्यांनी अपशकुनी म्हटले आणि या एका बाईने पोटाशी धरले, ती त्या बाईच्या खोलीत जाऊन बसते तेव्हा तिला देव ओढत असतो की कृतज्ञता, हे कुणी सांगावे? बळजबरी नाही, आमिष नाही, तरी तराजू समतोल नाही. प्रेमाचा दाब हा दाबच असतो, आणि तो मोजायचे माप कुठल्याही सल्लागार मंडळाकडे नव्हते.

विरोधकांच्या युक्तिवादात एक मोठे भगदाड होते. मुली ज्या घरातून आल्या तेही एक छप्परच होते आणि त्यालाही अटी होत्या. केशवपन, एकभुक्त राहणे, माजघराच्या कोपऱ्यातले आयुष्य, व्रतवैकल्ये हे सारे विधवेने पाळायचे आणि त्या बदल्यात दोन घास मिळवायचे. तिथल्या तिच्या श्रद्धेला स्वतंत्र कुणी म्हटले नसते. ‘स्वतंत्र आहे का?’ असे कुणी विचारलेही नाही. आश्रयाखाली धर्म बदलला की संशय येतो, आश्रयाखाली धर्म टिकला की येत नाही. हा एकतर्फी संशय १८९३ सालीच संपला असेही नाही. मध्य प्रदेश आणि ओरिसा यांनी १९६०च्या दशकात केलेल्या धर्मांतरविषयक कायद्यांत बळजबरी आणि फसवणुकीच्या जोडीला आमिषालाही गुन्हा ठरवले होते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात ते कायदे वैध ठरवले. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा तो निकाल. गरीब माणसाचे मन विकाऊ असू शकते, हे अशा कायद्यांमागचे गृहीत पूर्ण खोटे नाही. मात्र ते बदलणाऱ्यालाच लागू होते, न बदलणाऱ्याला होत नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू रमाबाईंनी स्वतः भोगली होती. १८८३ ते १८८६ या काळात त्या इंग्लंडमध्ये परक्यांच्या छपराखाली होत्या. प्रथम वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघात त्या राहिल्या, तेव्हा भारतात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवून राहण्याजेवण्याचा मोबदला फेडावा अशी व्यवस्था होती. फुकटचे अन्न त्यांना नको होते. तिथेच त्यांच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. आपल्याला जबरदस्तीने ख्रिस्ती करतील या भयाने त्यांना पछाडले होते, असे मॅक्सम्युलर यांनी लिहून ठेवले आहे. तसे कुणाच्या मनात असल्याचे दिसत नाही. पण पूर्णपणे परावलंबी झालेल्या माणसाला यजमानाचा हेतू कसा भासतो, याचे याहून भीषण उदाहरण सापडणार नाही. १८८३च्या सप्टेंबरमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, आणि नंतर त्या यजमानांशी भांडत राहिल्या. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना. मांसाहार त्यांनी स्वीकारला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. आपली मुलगी मनोरमा हिला कोणती शिकवण द्यायची ते आई ठरवील, असे त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना बजावले. तो पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे. चर्चमध्ये प्रवेश केला, पण सदसद्विवेक कुणाच्या स्वाधीन केला नाही, असा त्याचा एकूण सूर आहे.

मुक्तिसदनाला लावायची कसोटी या पत्रांतच सापडते. वाँटेजच्या रमाबाईंसारखी, खाल्ल्या घरी वाद घालणारी, सिद्धांतावर शंका काढणारी एखादी मुलगी केडगावी असती, तर तिचे जेवण, शिक्षण आणि बिछाना तसाच राहिला असता का? शारदासदनापुरते उत्तर होकारार्थी देता येते. तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई हिंदू राहिल्या आणि मार्च १८९३ मध्ये, म्हणजे वाद ऐन भरात असताना, धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई झाल्या. रमाबाईंनी त्या विवाहाचे मनापासून कौतुक केले. मुक्तिसदन मात्र पहिल्यापासून उघडपणे ख्रिस्ती होते. १९०५ साली तिथे धर्मजागृतीची मोठी लाट आली, शेकडो मुली रडत, प्रार्थना करत रात्री जागल्या. अशा वातावरणात वेगळे राहणे दोन हजारांतल्या एखादीला किती जमले असेल? शिवाय पुष्कळ जणी लहान मुली होत्या. प्रौढ स्त्रीबद्दल निवडीची भाषा वापरता येते. दुष्काळात आईबाप गमावलेल्या सहा वर्षांच्या पोरीबद्दल ती पोकळ ठरते. तिला कुणीतरी वाढवणारच, आणि वाढवणारा आपल्या धर्मातच वाढवणार. लाला लजपत राय यांनी याच दुष्काळांत हिंदू अनाथांसाठी चळवळ उभारली ती हे ओळखूनच. त्यांचा आक्षेप मुलाच्या स्वातंत्र्याचा नव्हता. मूल कुणाचे, हा त्यांचा मुद्दा होता. दोन्ही बाजूंनी मुलांवर हक्क सांगितला. मुलांचा हक्क कोणता, हे फारसे कुणी विचारले नाही.

महाराष्ट्रात यापेक्षा वेगळ्या वाटाही होत्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेने यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल ठेवावे किंवा घेऊन जावे. मदत एका संकटापुरती, म्हणून आत येणारीच्या श्रद्धेशी संस्थेचा संबंध येत नसे. याची किंमत अशी की ती बाई बहुतेक वेळा त्याच जगात परतत असे. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. तो हिंदू समाजाच्या चौकटीत होता, लोकांचा विश्वास हवा होता. म्हणून स्वतः पुनर्विवाह केलेल्या या माणसाने आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ कटाक्षाने वेगळी ठेवली. म्हणजे तिथेही छपराला अट होतीच, ती देणगीदारांच्या मनातून आलेली होती. आश्रय देणारा स्वतःही कुणाच्या तरी आश्रयाला असतो, आणि त्याचे ओझे शेवटी सर्वांत खालच्या माणसावर येते. शारदासदनाला निधर्मी राहायला लावणारी बोस्टनची अट त्याच जातीची, फक्त उलट दिशेची.

एका छपराखाली सगळे देणारी संस्था माणसाला जितकी उभी करते तितकीच बांधूनही ठेवते. हे बंधन सैल करायचे साधन मात्र तिच्या सोयींमध्येच असते. मुक्तिसदनातली जी मुलगी छापखान्यात खिळे जुळवायला, माग चालवायला, रोग्याची शुश्रूषा करायला किंवा शिकवायला शिकली, तिला त्या छपराबाहेरही पोट भरता येऊ लागले. तिथून शिक्षिका आणि परिचारिका बाहेर पडल्या. श्रद्धा टिकवायची की टाकायची हे ठरवण्याची मुभा अशा स्त्रीला खऱ्या अर्थाने मिळते, मग तिने पुढे काहीही निवडो. प्रीतिसदनातल्या म्हातारीला ती मुभा कधीच नव्हती, लहान मुलींना ती यायला वर्षे लागणार होती. मंदिराचे दार उघडे ठेवण्याचा आणि उपस्थितीचा हिशेब न ठेवण्याचा नियम लागतो तो मुख्यतः यांच्यासाठी, कारण छापखान्यातली मुलगी स्वतःचे पाहून घेऊ शकते.