मातीच्या शिपायांचे रंग

दिवाळींत मुलांच्या किल्ल्यावर कुंभाराकडचा एक मावळा हिरवा अंगरखा घालून उभा असतो, तर शेजारचा पिवळा. यांत कोणी कोणास फसवीत नाहीं. तें खेळणें आहे. परंतु तोच पुतळा ‘इतिहासाप्रमाणें’ म्हणून मांडला, कीं त्याच्या अंगावरचा रंग हें एक विधान होतें, आणि विधानास पुरावा लागतो.

उदाहरण एटापल्ली-अहेरीच्या मुलखांतलेंच घेऊं. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके 1858 सालीं गोंड-माडियांना घेऊन इंग्रजांशीं लढले; 21 ऑक्टोबरला त्यांस चांद्यास फांशी दिलें. त्या लढाईचा चिमुकला देखावा करावयाचा म्हटला, तर सरकारी शिपायाचा कोट बटणापर्यंत रंगविण्यास साधन सांपडेल. पलटणींच्या पोशाखाचे नियम छापलेले आहेत. (रानांतल्या चिखलांत ते कितपत पाळले गेले, हा प्रश्न निराळा.) शेडमाक्यांच्या माणसांस गणवेष नव्हता, आणि त्यांच्या कपड्यांची यादी ठेवणारा कारकूनही नव्हता. तेव्हां नुसत्या अचूकपणाचा हट्ट धरल्यास ज्याच्या पदरीं कारकून, तोच काय तो रंगीत व्हावयाचा! दुसऱ्यास कोऱ्या मातीचाच ठेवणें हा मला न्याय वाटत नाहीं.

उलट, सर्वांना अंदाजानें एकच रंग फांसला, तर कधीं नसलेला गणवेष त्यांच्या अंगावर चढतो. त्यापेक्षां प्रत्येकाचें वस्त्र नि मुंडासें निरनिराळें रंगवावें, आणि देखाव्याखालच्या पाटीवर लिहावें, कीं शिपायांचे रंग कागदपत्रांवरून घेतले आहेत, इतरांचे आमच्या अंदाजाचे आहेत.