द्वारकेतली दारूबंदी आणि आमची गच्ची



आजचं वाचन: महाभारत, मौसलपर्व, सुरुवातीचे अध्याय. सोबत गीता, अध्याय ३, श्लोक २१.

मौसलपर्व आपण सहसा टाळतो. यादवांचा शेवट वाचवत नाही. मुसळाची गोष्ट मात्र सगळ्यांना माहीत असते. पोरांनी सांबाला बाईचा वेष दिला, ऋषींची थट्टा केली आणि कुळाला शाप मिळाला. पण त्याच्या लगेच पुढचा भाग मी इतकी वर्षं भरभर वाचून सोडून देत होतो. मुसळाचं चूर्ण करून समुद्रात टाकलं, आणि त्याच दिवशी द्वारकेत दवंडी पिटली: आजपासून कुणीही दारू गाळायची नाही. गाळणाऱ्याला सुळाची शिक्षा. दवंडी कुणाच्या नावाने? राजा आहुक, श्रीकृष्ण, बलराम आणि बभ्रू यांच्या.

मग सगळे प्रभासला यात्रेला गेले. तिथे श्रीकृष्णासमोर प्यायला कोण बसलं? बलराम, कृतवर्मा, सात्यकी, गद आणि बभ्रू. म्हणजे दवंडीत ज्यांची नावं होती त्यांच्यातलेच दोघं! नशेत सात्यकीने कृतवर्म्याचं जुनं पाप काढलं, शब्दाला शब्द लागला, तलवार निघाली. सात्यकीला वाचवायला धावलेला प्रद्युम्न वडिलांच्या, म्हणजे श्रीकृष्णाच्या, डोळ्यांदेखत मारला गेला. मग सांब, अनिरुद्ध. प्यायला बसली मोठी माणसं, आणि त्यात मुलं-नातवंडंही गेली.

आता आमच्या गच्चीवर येऊ.

मी डोंबिवलीत राहतो, सोसायटीच्या कमिटीत आहे. गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात टाकी ओव्हरफ्लो व्हायला लागली म्हणून रात्री साडेदहाला गच्चीवर गेलो. टाकीच्या मागे चार मुलं बसली होती. दहावी-अकरावीतली. मधे बीअरच्या बाटल्या. त्यातल्या एकाला मी दहावीचं गणित शिकवलंय.

मी जाम भडकलो. नोटीस काढतो, आईबाबांना बोलावतो, गच्चीला कुलूप लावतो, सगळं बोलून झालं. तो गणितवाला मुलगा खाली मान घालून म्हणाला, "काका, थर्टीफर्स्टला तुम्ही सगळे इथेच बसला होतात ना? बर्फ तर आम्हीच आणून दिला होता."

खरं होतं. त्या रात्री मीही होतो. हातात ग्लास होता. रोज सकाळी तुम्हाला श्लोकांचा अर्थ सांगणारा मी! बर्फ आणायला मुलांना खाली पाठवलं तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

कायदा आपल्याकडेही आहे, आणि कडक आहे. महाराष्ट्रात बीअर-वाईनसाठी वयाची अट २१, बाकी दारूसाठी २५. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तरी १९ मे २०२४ ची पहाट आपण पाहिलीच. पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोन तरुण इंजिनिअर्सना चिरडलं. आपल्यासारखेच आयटीवाले. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता आणि तो मित्रांबरोबर पार्टी करून निघाला होता. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि त्याच्या आईवडिलांनाही अटक झाली. मुलाच्या चुकीबद्दल सुरू झालेला तपास मोठ्यांच्या दारापर्यंत आला.

गीतेतला आजचा श्लोक नेमकं हेच सांगतो. मोठा माणूस जसा वागतो तसेच बाकीचे वागतात. तो जे प्रमाण मानतो त्याच्यामागे लोक जातात. भगवंताने इथे "सांगतो" म्हटलेलं नाही, "वागतो" म्हटलंय. आपण मोठे नाही असं कृपया समजू नका. सोळा वर्षांच्या मुलासाठी तिशीतला, नोकरीवाला, बाईकवाला दादा हाच मोठा असतो.

पुढच्या मीटिंगमध्ये गच्चीला कुलूप लावायचा ठराव आला. मी म्हटलं, आधी आपली नावं लिहू. दोन नियम झाले. गच्चीवर आणि आवारात मोठ्यांनीही प्यायची नाही. आणि कुठल्याही मुलाला सोडा, बर्फ, चखणा आणायला पाठवायचं नाही, अगदी घरच्या पार्टीलाही नाही. दोन काका चिडून उठून गेले. एक अजून माझ्याशी बोलत नाहीत. मुलं पूर्ण सुधारली असंही मी म्हणणार नाही, स्टेशनपलीकडे काय करतात ते मला दिसत नाही. पण आता त्यांना सांगताना माझी नजर खाली जात नाही.

राज्यात अनेक ठिकाणी ३१ डिसेंबरला "द दारूचा नव्हे, द दुधाचा" म्हणत दूधवाटप होतं. आम्हीही गच्चीवर मसाला दूध केलं. तो गणितवाला मुलगा आला आणि हसून म्हणाला, "काका, बर्फ आणू का?" मी म्हटलं, "नको. वेलची संपलीये, ती आण."

ज्यांच्या घरात हा प्रश्न अशा समजावण्याच्या पलीकडे गेलाय, त्यांनी लाज बाळगू नका. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. मदत मागणं हीसुद्धा शरणागतीच आहे.

आजची साधना: आपल्याकडे बघून शिकणाऱ्या एका लहानाचं नाव मनात आणा. त्याने आपलं काय उचलू नये असं वाटतं? ते आज एक दिवस सोडून बघा.

देवा, आमच्या दवंडीआधी आमचं वागणं सुधार.

राम कृष्ण हरी.