संकर म्हणावं कुणाला?

कावासाकीच्या तामा भागातल्या टेकडीवर जुन्या घरांचं एक संग्रहालय आहे, निहोन मिन्काएन. १९६७ साली ते सुरू झालं. जपानच्या कानाकोपऱ्यातली शेतकऱ्यांची घरं तिथं खांब-तुळया सुट्या करून आणली आणि पुन्हा उभी केली. इवाते प्रांतातलं कुदो घर काटकोनात वळलेलं आहे. एका अंगाला चूल आणि माणसं, दुसऱ्या अंगाला घोडे, छप्पर मात्र एकच. फुकुशिमाहून आणलेलं सुझुकी घर तर घोडे घेऊन निघालेल्या व्यापाऱ्यांच्या मुक्कामाचं ठिकाण होतं. कुठलं जनावर घरात घ्यायचं हे इथं सुतारानंच ठरवून टाकलेलं दिसतं. घोडा आत, रानडुक्कर बाहेर.

मार्च २०११ मध्ये फुकुशिमात ही सीमा पुसली गेली. भूकंप, त्सुनामी आणि पाठोपाठ अणुभट्टीची दुर्घटना. वीस किलोमीटरच्या परिघातली माणसं गाव सोडून गेली, डुकरं मागं राहिली. त्यातली काही सुटून रानात शिरली आणि तिथल्या रानडुकरांशी त्यांचं जमलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी १९१ रानडुकरांची जनुकं तपासली, तेव्हा ३१ संकरित निघाली. मात्र ही पिल्लं पुढं रानडुकरांतच मिसळत गेल्यानं पाळीव अंश पिढीगणिक पातळ होत होता. ताकात पाणी घालत जावं तसा.

संकर हा शब्द मराठी माणसाच्या कानाला दोन तऱ्हांनी लागतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला वर्णसंकराच्या कल्पनेनंच घाम फुटतो. कृषी सेवा केंद्रात मात्र तोच शब्द पिशवीवर ठळक छापलेला असतो आणि संकरित बियाण्याला शेतकरी जास्त पैसे मोजतो. मालकाच्या फायद्याचा संकर तो सुधारणा, त्याला न विचारता झालेला तो भ्रष्टाकार! जपानातही मांसासाठी मुद्दाम पैदा केलेल्या डुक्कर-रानडुकराच्या संकराला 'इनोबुता' हे खास नाव आहे.

शिवाय पाळीव डुक्कर तरी कोण? रानडुक्करच. काही हजार वर्षांपूर्वी माणसानं दाव्याला बांधलेलं. शास्त्राच्या लेखी दोन्हींची जात एकच, सुस स्क्रोफा. तेव्हा फुकुशिमात जे घडलं ती दुरावलेल्या भावकीची गाठभेट म्हणायला हवी. अर्थात जीवशास्त्रज्ञांची काळजी पोकळ नाही. र्‍यूक्यू बेटांवरचं रानडुक्कर लहान चणीचं आणि वेगळ्या वंशाचं आहे. अशा छोट्या कळपात परकी जनुकं शिरली, तर हजारो वर्षांत घडलेलं वेगळेपण थोड्या पिढ्यांत विरून जाऊ शकतं. पण ही काळजी विविधतेची आहे. तिला पावित्र्याचं सोवळं नेसवलं की घोटाळा होतो.

जगवायचं कुणाला, हा पेच जपानला जुनाच. सतराव्या शतकाच्या अखेरीस शोगुन त्सुनायोशीचे जीवदयेचे हुकूम जारी होते. त्याच काळात त्सुशिमा बेटावर रानडुकरं शेतं फस्त करत होती. १७०० साली सुयामा तोत्सुआन या अधिकाऱ्यानं बेट कुंपणांनी तुकड्या-तुकड्यांत विभागलं आणि एकेक तुकडा रिकामा करत नेला. शिक्षेची टांगती तलवार डोक्यावर असताना! १७०९ पर्यंत बेटावरचं रानडुक्कर संपलं. शोगुनही त्याच वर्षी वारला. दया डुकराची करायची की उपाशी कुणब्याची, याचं उत्तर हुकमात नव्हतं. विदर्भ-कोकणातल्या शेतकऱ्याला ते आजही सापडलेलं नाही. देवघरात वराह अवतार आणि बांधावर रानडुकराची राखण, दोन्ही त्याच्याच वाट्याला.

फुकुशिमाच्या पिंजऱ्यात सापडलेल्या जनावराचा वंश कुणी विचारत नाही. ते मारलं जातं आणि तिथं त्याचं मांसही सहसा खाल्लं जात नाही, कारण त्यात किरणोत्सारी सीझियम असू शकतं. जपानात मारलेल्या प्राण्यांसाठी 'कुयो', म्हणजे स्मरणाचा विधी, करण्याची रीत आहे. शिकारी करतात, कत्तलखाने करतात, प्रयोगशाळासुद्धा करतात. हा शब्द आपल्या 'पूजे'च्या चिनी भाषांतरातून तिकडं पोचला. प्राण्यांच्या आत्म्यांसाठी उभारलेल्या दगडांपुढं धूप लावताना रानटी, पाळीव आणि संकरित अशा तीन रांगा कुणी लावत नाही. माणसाचं वागणं इथं त्याच्या शब्दांपेक्षा शहाणं निघालं.

पंचांगालाही हा भेद नीट जमलेला नाही. बारा वर्षांच्या प्राणिचक्रातलं शेवटचं वर्ष चीनमध्ये पाळीव डुकराचं, जपानमध्ये रानडुकराचं. चिन्ह दोन्हीकडं एकच. २०१९ साली ते येऊन गेलं, आता २०३१ साली येईल.