सरासरीत हरवलेला लाझरस

सामान्य काळातील सव्विसावा रविवार (लूक 16:19-31)



आजच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणसाने लाझरसला मारले नाही, हाकलले नाही, त्याचे काही चोरलेही नाही. तरीही मरणानंतर तो यातना भोगतो. त्याचा अपराध एवढाच, की दारात पडलेला माणूस त्याने कधी पाहिलाच नाही. प्रभू येशूने मात्र त्या भिकाऱ्याला नाव दिले आणि श्रीमंताला बिननावाचे ठेवले.

आता अशी कल्पना करा, की त्या दारी एक सरकारी कारकून वही घेऊन येतो. श्रीमंताचे वर्षाचे उत्पन्न दहा लाख, लाझरसचे शून्य. तो बेरीज करतो, दोनने भागतो आणि लिहितो : दरडोई उत्पन्न पाच लाख, परिस्थिती समाधानकारक. हिशेबात चूक नाही. फक्त लाझरस नाहीसा झाला.

जगातील गरीब देशांचे आकडे वाचताना हा कारकून आपण लक्षात ठेवायला हवा. संयुक्त राष्ट्रसंघाने 1971 साली सर्वात कमी विकसित देशांची यादी तयार केली, तेव्हा तिच्यात 25 देश होते. पुढे ती वाढत गेली. 2024 सालाच्या अखेरीस यादीत 44 देश होते आणि तोवर तिच्यातून वर चढून बाहेर पडलेले देश होते केवळ आठ.

अमुक गरीब देशाची अर्थव्यवस्था सात टक्क्यांनी वाढली, अशी बातमी आपण वाचतो. तेव्हा दोन प्रश्न विचारावेत. पहिला, खाणारी तोंडे किती वाढली? उत्पन्न तीन टक्क्यांनी वाढले आणि माणसेही तीन टक्क्यांनी वाढली, तर ताटातली भाकर तेवढीच राहते. बुरुंडी या बहुसंख्य ख्रिस्ती देशात दरडोई उत्पन्न अजून वर्षाला तीनशे डॉलरही नाही. दुसरा प्रश्न, टक्के कशाचे? सहाशे डॉलरचे सात टक्के म्हणजे 42 डॉलर. साठ हजार डॉलरचा एक टक्का म्हणजे 600 डॉलर. गरीब देश सातपट वेगाने धावला, तरी त्या वर्षात दोघांमधील अंतर 558 डॉलरने वाढलेच. आब्राहाम ज्या मोठ्या दरीविषयी बोलतो, ती मरणानंतर अचानक पडलेली नाही. ती जिवंतपणीच, रोज थोडी थोडी खणली गेली होती.

काही ठिकाणी तर पावले मागे पडली आहेत. काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट निघतो. आपल्या खिशातील मोबाइलच्या बॅटरीत तो असतो. पण महागाई वजा करून पाहिले, तर तेथील दरडोई उत्पन्न 1960 साली, म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्षी होते, त्याहूनही आज कमी आहे.

मग गरिबी हे त्या देशांचे नशीबच आहे का? दोन देश शेजारी ठेवून पाहू. बोट्स्वाना 1966 मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा दरडोई उत्पन्न शंभर डॉलरहूनही कमी होते. पुढच्याच वर्षी तेथे हिरे सापडले. हिऱ्यांचा पैसा सरकारने रस्ते, शाळा आणि दवाखान्यांवर लावला. 1994 मध्ये तो त्या यादीतून बाहेर पडणारा पहिला देश ठरला. विषमता तेथेही आहे, पण मुले शाळेत गेली. दुसरा देश इक्वेटोरियल गिनी, बहुसंख्य कॅथलिक. तेथे 1990 च्या दशकात भरपूर तेल निघाले आणि दरडोई उत्पन्न काही युरोपीय देशांच्या पंगतीत जाऊन बसले. 2017 मध्ये त्याचेही नाव यादीतून निघाले. परंतु बालकांचे आरोग्य आणि शिक्षण त्या उत्पन्नाला शोभेल असे कधीच नव्हते. तेल ओसरू लागले, तसे उत्पन्नही निम्म्याहून खाली आले. एका देशाने लाझरसला थोडे तरी पाहिले, दुसऱ्याने फक्त सरासरी पाहिली.

तत्त्वज्ञान शिकणाऱ्याला साध्य आणि साधन यांतील भेद प्रथम शिकवला जातो. राष्ट्रीय उत्पन्न हे साधन आहे, माणूस हे साध्य. संत थॉमस अक्वायनस शिकवतात, की आपल्याजवळ गरजेपेक्षा जास्त जे आहे, त्यावर निसर्गनियमानेच गरिबाचा हक्क आहे. दान ही केवळ मेहेरबानी नव्हे.

आपल्यातील ज्येष्ठांना 1964 ची मुंबईची युखॅरिस्टिक काँग्रेस आठवत असेल. त्या वेळी येथे आलेल्या पोप पॉल सहावे यांनी जगाला विनंती केली, की राष्ट्रांनी शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग गरिबांसाठीच्या जागतिक निधीला द्यावा. तोच विचार त्यांनी 1967 च्या आपल्या परिपत्रकात पुन्हा मांडला. शस्त्रे खाली ठेवली तर काय घडते, हे मोझांबिकने दाखवले. सोळा वर्षांच्या यादवीनंतर 4 ऑक्टोबर 1992 रोजी, संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या सणादिवशी, रोममध्ये शांतता करार झाला. मध्यस्थी करणाऱ्यांत संत एजिदिओ ही प्रापंचिकांची संस्था आणि बैराचे आर्चबिशप होते. पुढची सुमारे वीस वर्षे तो देश झपाट्याने वर आला. नंतर गुप्त कर्जांचे प्रकरण 2016 मध्ये उघड झाले, उत्तरेत पुन्हा हिंसाचार उसळला आणि चाल मंदावली. शांतता एकदा मिळवून पुरत नाही, ती राखावी लागते.

कोणी म्हणेल, ‘फादर, आफ्रिका दूर आहे. आपण काय करणार?’ बंधुभगिनींनो, महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून बरेच जास्त आहे आणि त्याच महाराष्ट्रात जव्हार-मोखाड्याची कुपोषित बालके आहेत. सरासरीत हरवण्यासाठी आफ्रिकेत जन्मावे लागत नाही. म्हणून या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने संध्याकाळच्या रोझरीनंतर एकमेकांना विचारावे : आपल्या दारात येणाऱ्या कोणाचे नाव आपल्याला ठाऊक नाही? कामवाली बाई, वाडीत राबणारा मजूर, कचरा उचलणारा मुलगा. नाव विचारा, घरची चौकशी करा. आणि ऑक्टोबरमधील मिशन रविवारी दानपेटीत पैसे टाकताना उरलेले नव्हे, बाजूला काढून ठेवलेले टाका.

हे प्रभो, तू लाझरसला नावाने ओळखतोस. आम्हांला आकड्यांमागचे चेहरे पाहण्याची दृष्टी दे आणि दरी बुजवण्याची वेळ हातात आहे तोवर आम्हांला जागे कर. आमेन.