माझी भीती, तिचा घास

"घशात अडकेल गं!" हे वाक्य मी गेल्या काही महिन्यांत किती वेळा उच्चारलं असेल, याचा हिशेब माझी सून ठेवत असेल तर तिनं तो मला दाखवू नये.

नातीला सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण झालं, मामानं चांदीच्या वाटीतली खीर चाटवली, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी सुनेनं लाल भोपळ्याची वाफवलेली, बोटभर लांबीची फोड सरळ तिच्या हातात दिली. मी म्हटलं, "अगं, मिक्सरमधून तरी काढ." ती म्हणाली, "आई, अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून दाबून बघा." मी दाबली. फोडीचा लगदा झाला. आणि लगद्यानं माखलेली बोटं पदराला पुसत मी म्हणाले, "पण घशात अडकेल."

फोड मऊ आहे हे माझ्या बोटांना कळलं होतं. मग ते वाक्य आलं कुठून?

थोडं खरं कारण आहे. माझ्या आजोळी एक मूल चिंचोका अडकून गेलं होतं. मी तेव्हा लहान होते. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे, पण रांगतं मूल दिसलं की आजी जमिनीवरून हात फिरवून चिंचोके, कवड्या, सुपारीची खांडं वेचायची. ती भीती माझ्या अंगात मुरली आहे आणि ती खोटी नाही. मात्र आजी चिंचोके वेचत होती. मी मऊ भोपळ्याला घाबरत होते. हा फरक आजीला समजला असता. माझ्या हातात फोन आहे, घरात शिकलेली सून आहे, तरी मला तो समजायला वेळ लागला, म्हणून स्वतःची जरा झडती घ्यावी असं वाटलं.

पहिली गोष्ट अशी की ठसका आणि गुदमरणं यांतला फरक मी घरात इतकी मुलं वाढलेली पाहूनही कधी नीट पाहिला नव्हता. एकदा रताळ्याचा तुकडा नातीच्या जिभेवर मागे सरकला. तिचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, जीभ बाहेर आली, ओकारीसारखा आवाज झाला. माझं बोट तिच्या तोंडाकडे निघालं होतं. सुनेनं माझं मनगट धरलं. "आई, थांबा. आवाज येतोय ना तिचा?" आवाज येत होता. तुकडा पुढे आला, हनुवटीवर पडला, आणि पोरीनं तो उचलून पुन्हा तोंडात घातला. सहा महिन्यांच्या बाळाची ही ओकारीची जागा जिभेवर मोठ्यांपेक्षा बरीच पुढे असते. तुकडा मागे जायच्या आत ती त्याला बाहेर ढकलते. देवानं दिलेला राखणदार म्हणा. खरं गुदमरणं असं गाजावाजा करत येत नाही. त्यात मूल रडू शकत नाही, खोकू शकत नाही, ओठ निळे पडतात. आणि न दिसणारा घास काढायला घातलेलं बोट तो घास आणखी खाली लोटू शकतं. आमच्या पिढीनं हे बोट किती घातलं असेल! मुलाला पाय धरून उलटं झुलवणं हासुद्धा आमचाच इलाज.

पण अज्ञानाबद्दल माणूस स्वतःला लवकर माफ करतो. त्याहून अडचणीची गोष्ट वेगळी आहे.

मला भरवायचं होतं. चिमणी-कावळ्याचे घास करायचे होते, तोंडाजवळ चमचा नेताना तिचं तोंड आपोआप उघडावं आणि माझंही उघडावं, हे मला हवं होतं. मुलगा लहान असताना मी नोकरी करत होते, भरवायचं काम त्याच्या आजीनं केलं. आता माझी पाळी आली, आणि पोरगी म्हणते मी माझ्या हातानं खाते! तिच्या मुठीतून भोपळा पिळून कोपरापर्यंत ओघळत होता आणि ती खूश होती. मी नव्हते. हे खरं आहे आणि ते लिहून टाकलेलं बरं.

दुसरी इच्छा वजनकाट्याची. लसीकरणाच्या दिवशी काट्यावर आकडा चढला की माझी छाती फुगते. कुणी "बाळसं छान धरलंय" म्हटलं की श्रेय मी घेते. हातानं खाणारं बाळ निम्मं सांडतं, त्यामुळे आकड्याचा भरवसा राहत नाही. चमच्यानं निदान किती गेलं ते दिसतं. तिनं मान फिरवली तर मी खिडकीतला कावळा दाखवायचे आणि तोंड वळलं की घास आत. पोट भरल्याचं ती मला मानेनं सांगत होती आणि मी ते ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. तिसरी इच्छा फरशीची. त्याबद्दल फार बोलत नाही, फरशी मीच पुसते.

म्हणजे "घशात अडकेल" या एका वाक्यात तिच्या जिवाची काळजी एक हिस्सा, आणि माझी हौस, माझा आकडा, माझी फरशी हे उरलेले हिस्से. मी मात्र सगळं काळजीच्या नावावर खपवत होते.

याचा अर्थ सुनेचं सगळं बरोबर असा नाही. ब्रिटनच्या जिल रॅपली यांचं 2008 मध्ये आलेलं पुस्तक आणि त्यानंतरची हातानं खाण्याची लाट काही घरांत व्रतासारखी पाळली जाते. चमचा दिसला की पाप. मला ते पटत नाही. जन्माआधी साठवलेलं लोह साधारण सहा महिन्यांत सरत येतं, आईच्या दुधात ते थोडंच असतं, आणि भोपळ्याच्या फोडी चोखून ती तूट भरून निघत नाही. वरण, अंडं, मासे, मटण, नाचणी हे बाळाच्या पोटात जायला हवं, मग ते हातानं जावो की चमच्यानं. मऊ भाताचा गोळा, इडलीचा तुकडा, घावनाची पट्टी, उकडलेल्या अंड्याची फाक, काटे नीट काढलेला मासा हे सगळं आमच्याच स्वयंपाकघरातलं आहे. शेतावर जाणाऱ्या बाया बांधावर बसवलेल्या पोराच्या हातात भाकरी देत आल्याच आहेत. त्यासाठी सिलिकॉनची ताटली लागत नाही. हे मी सुनेला सांगितलं आणि तिनं मान्य केलं. ताटली मात्र विकत आलीच.

न्यूझीलंडमध्ये सुमारे दोनशे बाळांचा अभ्यास झाला, तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. काळजी घेऊन हातानं खाऊ दिलेली बाळं चमच्यानं खाणाऱ्यांपेक्षा जास्त गुदमरली नाहीत. सुनेनं मला हे वाचून दाखवलं तेव्हा विजय तिचा होता. पण पुढचं वाक्य दोघींनाही झोंबलं. दोन्ही गटांतल्या कितीतरी बाळांना अडकू शकणारे पदार्थ दिले जातच होते. म्हणजे धोका पद्धतीत कमी आणि पदार्थात जास्त. गोल, कडक, गुळगुळीत, चिवट. अख्खं द्राक्ष, कच्चं गाजर, सफरचंदाची करकरीत फोड, शेंगदाणा, फुटाणा, लाह्या, गोळी.

आणि इथे माझा सदसद्विवेक मला गाठतो.

संक्रांतीला बोरन्हाण झालं. नात आठ महिन्यांची, काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुकुट. टोपली मी भरली होती, मोठ्या हौसेनं: बोरं, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, रेवड्या, तिळाचा काटेरी हलवा. कुणीतरी रंगीत चॉकलेटच्या गोळ्या आणल्या, त्याही घातल्या. बाळाच्या डोक्यावरून हे सगळं ओतलं, मुलं वेचायला तुटून पडली, बायका गाणी म्हणत होत्या. मऊ भोपळ्याला "अडकेल" म्हणणारी मी, त्या सगळ्या पसाऱ्याच्या मध्यावर हसत उभी होते. सुनेनं नातीला झटकन मांडीवर घेतलं, तिची मूठ उघडली, आतून हलव्याचा एक दाणा काढला आणि तो स्वतःच्या ओच्यात टाकला. काही झालं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

मी का बोलले नाही? सुनेला बोलता येतं म्हणून तिला बोलत होते. जावेला, नणंदेला, शेजारच्या काकूंना "या गोळ्या टोपलीत नकोत" म्हणायला जीभ उचलली नाही. सणात अपशकुनी बोलायचं कसं, लोक काय म्हणतील, आम्ही नाही का वाढवली पोरं. माझी भीती माणूस बघून बोलत होती. नातं पाहून मोठी होत होती, नातं पाहून गप्प बसत होती. जिवाची भीती अशी वागत नाही.

मधाचंही तेच. एक वर्षाच्या आत मध देऊ नये, कारण त्यातल्या जिवाणूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून स्नायू लुळे पाडणारं विष तयार करू शकतात. मला हे ठाऊक होतं. तरी गुटी मधात उगाळायचा आग्रह एका वडीलधाऱ्या बाईंनी धरला तेव्हा नाही म्हणायला सूनच पुढे झाली. मी चहा करायला आत गेले.

टोपलीतल्या शेंगदाण्याबद्दल एवढंच. चघळता न आलेला शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर बहुतेकदा उजव्या बाजूला उतरतो, कारण ती वाट जास्त रुंद आणि सरळ आहे. तिथे ओलाव्यानं तो फुगतो, त्याच्या तेलानं नलिका सुजते. कधी घरच्यांना कळतही नाही आणि दम्याचे, न्यूमोनियाचे उपचार आठवडेच्या आठवडे चालतात. शेवटी भूल देऊन दुर्बीण घालून तो काढावा लागतो. पण शेंगदाण्याशी वैर धरायचं कारण नाही. लंडनमध्ये झालेला, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना पहिल्या वर्षापासूनच शेंगदाणा बारीक करून नियमित दिला, तेव्हा पाचव्या वर्षी ॲलर्जी 3.2 टक्के मुलांत दिसली. न दिलेल्यांत ती 17.2 टक्के होती. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, एरवी बारीक कूट पातळ करून लापशीत मिसळावं. अख्खा दाणा मात्र मूल पाच वर्षांचं होईपर्यंत नको.

आता आमच्या घरी नात ताठ बसवल्याशिवाय, मान सावरल्याशिवाय काही खात नाही. पाळण्यात, गाडीत, कुणाच्या कडेवर फिरताना काही नाही, आणि समोर मोठं माणूस बसलेलंच हवं. द्राक्षं उभी चार फाका करून. चिमटीनं वेचू लागल्यावर पट्ट्यांचे लहान मऊ तुकडे झाले. मी भरवते, ती मान फिरवते, मी चमचा खाली ठेवते. कावळा मी दाखवतेच, पण घास झाल्यावर. माझा हात अजून तिच्या तोंडाकडे निघतो, हे मान्य करायला हवं. तो परत येतो एवढंच.

तुमच्या घरात किंवा शेजारी वर्षाच्या आतलं बाळ असेल, तर दोन कामं करा. बोरन्हाणाच्या टोपलीतून भुईमुगाच्या शेंगा, रेवड्या, हलवा आणि गोळ्या काढून ठेवा, आणल्या कुणीही असोत, तोंडावर सांगून काढा. आणि आजी-आजोबांसकट घरातल्या प्रत्येकानं एखाद्या जाणकाराकडून बाहुलीवर शिकून घ्या: बाळाला आपल्या हातावर पालथं, डोकं खाली करून धरायचं, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच फटके द्यायचे, अडकलेलं निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब, पुन्हा फटके, आणि त्याच वेळी दुसऱ्यानं 108 ला फोन लावायचा.