राखणदाराचं गुपित

आरवलीच्या वेतोबाला चामड्याचे मोठाले जोडे वाहतात. हा देव रात्री गावाची राखण करत फिरतो, त्यात ते झिजतात, अशी श्रद्धा. तो फिरतो हे पोराटोरांना ठाऊक, तसं चोरालाही. तरी त्याचा धाक कमी होत नाही. चांगलं कुलूपही असंच असावं लागतं.

मी कुडाळात गाड्यांच्या इलेक्ट्रिकची कामं करतो. संकेतलिपीचा अभ्यासक ऑगस्ट केर्कहॉफ्सने १८८३ सालीच लिहून ठेवलंय की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहावी ती फक्त चावी. गाड्यांच्या रिमोटवाल्यांनी नेमकं उलटं केलं: पद्धत झाकून ठेवली आणि चावीत हलगर्जी केली. दक्षिण आफ्रिकेत १९८०च्या दशकात तयार झालेली कीलॉक ही रिमोटची पद्धत बघा. बटण दाबलं की दर वेळी नवा संकेत जातो, जुना पकडून उपयोग नाही. युक्ती चांगलीच. पण रिमोटांच्या ६४ बिटांच्या चाव्या बहुधा कंपनीच्या एकाच मुख्य चावीतून काढलेल्या असत. २००८ साली जर्मनीत बोखुमच्या संशोधकांनी चिप काम करताना किती वीज ओढते ते मोजलं आणि ती मुख्य चावीच शोधली. मग दोन संकेत लांबून पकडले की रिमोटची नक्कल तयार!

असा दोष गाडीच्या मालकाला सांगावा की नाही? २०१३ साली मेगामोस या इंजिन-लॉकच्या चिपमधले दोष सांगणारा संशोधकांचा निबंध छापायला लंडनच्या न्यायालयाने फोक्सवॅगनच्या मागणीवरून मनाई केली. चोर वाचतील, ही भीती खोटी नव्हती. चिप काही घरबसल्या बदलता येत नाही. निबंध २०१५ साली छापला गेला, एक वाक्य गाळून. ती तडजोड मला मान्य आहे. मधली दोन वर्षं मात्र सलतात. ज्याच्या अंगणात गाडी उभी, त्यालाच अंधारात ठेवून त्याच्या भरवशावर धंदा करणं हा माझ्या लेखी अधर्म आहे. चोराला शोधायला वेळ असतो, पैसाही असतो. मालकाजवळ फक्त विश्वास असतो. दुरुस्तीला मुदत द्यावी, जरूर द्यावी, पण ती संपली की बोलावंच.

चतुर्थीला आलेले चाकरमानी विचारतात, "मिस्त्री, ह्या रिमोटाचो भरवसो आसा मां?" मी आधी चिप कुठली ते बघतो. जुनी असली तर सरळ सांगतो, दागिने गाडीत ठेवू नका, स्टिअरिंगला वेगळं लॉक लावा. एखादं गिऱ्हाईक त्यामुळे नाराज होऊन जातं.