विद्यादान की विसार?

विद्यादानासारखे दुसरे दान नाही, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. दात्याने परतफेडीची अपेक्षा धरू नये, हाही त्याच परंपरेचा दंडक. परंतु आज रुग्णालयांना परिचारिका मिळत नाहीत, आडगावच्या आरोग्यकेंद्रांना डॉक्टर मिळत नाहीत. म्हणून भावी मालकच विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भार उचलतो, आणि पुढे अमुक वर्षे आमच्याकडेच नोकरी केली पाहिजे, असा करार लिहून घेतो. व्यवहार उघड आहे, उभयपक्षी सोयीचाही आहे. तरीही प्रश्न उरतोच. याला विद्यादान म्हणावे, की घराचा सौदा पक्का करण्यासाठी द्यावा तसा हा माणसाचा विसार?

सेवेपोटी आगाऊ देणे ही कल्पना पेडणे-डिचोलीच्या जुन्या घराण्यांना नवी नाही. वतन म्हणजे तरी दुसरे काय होते? हाती जमीन किंवा हक्क यायचा आणि त्याबरोबर चाकरी यायची. देवळाच्या सेवेकऱ्यालाही सेवेपोटी जमीन लावून दिलेली असे. त्या व्यवस्थेतील मोठा दोष असा, की सेवा जन्माला चिकटत असे. आजोबांनी जे स्वीकारले ते नातवाला विचारल्यावाचून त्याच्या माथी येई. आजचा करार एका माणसापुरता आणि ठराविक मुदतीचा असतो, ही निःसंशय सुधारणा होय. मात्र वतनात एक गुणही होता. त्यात बंधन दोन्ही बाजूंना असे, आणि हक्क डावलला गेला तर वतनदाराला गोतसभेपुढे दाद मागता येई. आजच्या करारात हा गुण कितपत उरला आहे?

आपल्याच भूमीचा इतिहास पाहावा. पणजी येथे १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली. आज ज्याला आपण नुसते ‘बांबोळी’ म्हणतो, त्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे मूळ तेथे आहे. त्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक गोमंतकीय पोर्तुगीज सत्तेच्या आफ्रिकेतील वसाहतींत, मोझांबिक-अंगोलात, आरोग्यखात्यात रुजू झाले. साथी आणि ताप यांच्याशी त्यांनी झुंज दिली. परंतु पोर्तुगालमध्ये शिकून आलेल्या डॉक्टरांच्या बरोबरीचे स्थान त्यांना मिळाले नाही. तेथे शिष्यवृत्तीचा करार नव्हता हे खरे. पण शिकविणारा आणि चाकरी देणारा एकच असला, म्हणजे शिकणाऱ्याची पायरी कोणती हेही तोच ठरवितो, हा धडा त्यातून मिळतो.

दुसरे उदाहरण वैद्यकाबाहेरचे, पण या प्रश्नाच्या गाभ्याशी भिडणारे आहे. १९१३ साली बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. महाराज सयाजीराव उदार होते, हेतू निर्मळ होता. आंबेडकरही शब्दाला जागून १९१७ साली बडोद्यास गेले. पण तेथे त्यांना राहावयास जागा मिळेना आणि कचेरीत शिपायांकडूनही अवहेलना सोसावी लागली. अखेर त्यांना बडोदे सोडावे लागले. या प्रसंगात करार कोणी मोडला? कागद पाहिला तर नोकराने मोडला. मात्र विवेकाला विचारले, तर ज्या नोकरीत माणूस म्हणून राहता येत नाही ती नोकरी देणाराने तो आधीच मोडला होता, असेच उत्तर येईल. शिक्षणाचा खर्च फेडल्याने मालकाची जबाबदारी संपत नाही. खरे पाहता ती तेथून सुरू होते.

वर्तमानाकडे येऊ. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी शासनाच्या खर्चाने शिकतो आणि पुढे सैन्याच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी होतो. तेथेही करार मोडणाऱ्याला मोठी रक्कम भरावी लागते. परंतु हुद्दा कोणता, वेतन किती, पुढे शिकण्याची वाट कशी, हे आरंभीच ठाऊक असल्याने बंधन जाचत नाही. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयांतून पदवी घेणाऱ्या डॉक्टरांना एक वर्षाची सेवा बंधनकारक असून, ती टाळणाऱ्यास दहा लाख रुपये दंड ठरविलेला होता. अशी बंधने वैध असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. तो योग्यच म्हणावा लागेल. लोकांच्या पैशाने शिकलेल्याने लोकांचे काही देणे लागावे, यात अन्याय कसला?

परंतु कायद्याला जे मान्य, ते सारेच नीतीला पुरेसे असते असे नाही. दंड भरून सेवा टाळता येते, तेव्हा ज्याच्या बापाच्या गाठीला दहा लाख आहेत तो मोकळा होतो आणि ज्याच्या गाठीला नाहीत तोच बांधला जातो. ऋणाचे मोल असे रुपयांत ठरले, की त्याचे ऋणपण सरते. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांची कथा याहून कठीण. करारापोटी त्यांची मूळ प्रमाणपत्रेच अडकवून ठेवण्याची प्रथा अनेक ठिकाणी होती, आणि तिच्याविरुद्ध २०११ साली मुंबईसह अनेक शहरांत त्या रस्त्यावर उतरल्या. दिलेली विद्या काढून घेता येत नाही, म्हणून तिचा कागद दडवून ठेवायचा, हे विद्यादान खचित नव्हे.

कोणी म्हणेल, बंधन नसेल तर खेड्यात जाईल कोण? आक्षेप रास्त आहे. पेडण्याच्या टोकाच्या गावातून तापाने फणफणलेले मूल बांबोळीपर्यंत नेणाऱ्या आईला तत्त्वचर्चा नको असते, तिला जवळपास डॉक्टर हवा असतो. म्हणून बंधन असावे. पण ते दुहेरी असावे. ज्या कागदावर विद्यार्थ्याची वर्षे लिहिली, त्याच कागदावर निवासाची सोय, वेळेवर वेतन, ज्येष्ठांचे मार्गदर्शन, पुढील शिक्षणाची संधी आणि त्या न मिळाल्यास करारातून मुक्ती, हेही लिहिलेले असावे. सतरा-अठराव्या वर्षी सही करणाऱ्या मुलीला तो कागद समजेल अशा भाषेत असावा.

ऋषिऋण फेडायचे ते विद्या पुढे देऊन, गुरूची थैली भरून नव्हे, असे आपले शास्त्र सांगते. वैद्यकीय विद्येचे ऋण त्याच न्यायाने रुग्णाचे आहे. मालक हा त्या ऋणाचा फार तर विश्वस्त होय. विश्वस्ताने हिशेब जरूर मागावा. परंतु स्वतःचाही हिशेब त्याने तितक्याच उघडपणे लोकांपुढे ठेवावा.